बलेनो जी१६बी टर्बो : फ्युएल रेलच्या कामाच्या नोंदी, मकरपुरा, बडोदा

२४ नोव्हेंबर २०२४

गाडी मारुती बलेनो, जुनी सेडान, १९९९ ते २००७ मध्ये विकली गेलेली. इंजिन जी१६बी, १५९० सीसी, बोअर ७५, स्ट्रोक ९०. टर्बो बसलेला आहे, पिस्टन फोर्ज्ड, ईसीयू (इंजिनचा संगणक) बाहेरचा. बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) १ बार, अपेक्षा २०० हॉर्सपॉवरच्या आसपास. गाडी ट्रॅक आणि ऑटोक्रॉसपुरतीच. रस्त्यावरच्या गाडीत असे फेरफार केले की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, त्यामुळे त्या बाजूने विचारच नको.

मागणी अशी आली की फ्युएल रेल, म्हणजे चारही इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी आडवी नळी, ‘मोठी करून द्या’. रेल मोठी करायची की नाही हे मोजल्याशिवाय ठरत नाही, म्हणून पहिल्या काही नोंदी नुसत्या मोजमापाच्या आहेत.

इंधनाचा हिशोब: टर्बो इंजिनला दर हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण ०.२७ किलो पेट्रोल धरायचं. २०० हॉर्सपॉवरला ५४ किलो, म्हणजे ताशी सुमारे ७३ लिटर, मिनिटाला १.२ लिटर. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं ई२० मिळतं, त्याला त्याच हवेसाठी सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. झाले १.३ लिटर. चार इंजेक्टरांत वाटून प्रत्येकी ३३० सीसी. ४४० सीसीचे इंजेक्टर घेतले तर ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळेतला वाटा) पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास राहते. ठीक आहे. यापेक्षा मोठे घेतले तर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) छोटे पल्स सांभाळण्यात वेळ जातो आणि फायदा काहीच नाही.

म्हणजे इंजिन जाळणार मिनिटाला १.३ लिटर. पंप मात्र वॉल्ब्रो जीएसएस३४२, नावावर ताशी २५५ लिटर, म्हणजे मिनिटाला सव्वाचार. इंजिन पिणार त्याच्या तिप्पट पेट्रोल रेलमधून फिरणार आणि उरलेलं टाकीत परत जाणार. या प्रकल्पातल्या बहुतेक अडचणी या परत जाणाऱ्या पेट्रोलच्या आहेत, इंजेक्टरकडे जाणाऱ्याच्या नाहीत.

१ डिसेंबर

कंपनीचा पंप असतानाची मोजणी. आधी दाब उतरवून घेतला: पंपाचा रिले काढायचा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, मग तीन सेकंद स्टार्टर, मग बॅटरीची निगेटिव्ह सुटी. तरीही पहिला जोड उघडताना कापड धरायचंच, रेलमध्ये घोटभर पेट्रोल उरतंच. कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी. झीरोचा असो की हॅलोजनचा, काचेचा दिवा जवळ नको, एलईडीचा हँडलॅम्प.

ग्लिसरीन भरलेले ० ते ७ बारचे दोन गेज लावले. एक रेलच्या तोंडाआधी, एक रेग्युलेटरच्या (दाब राखून उरलेलं पेट्रोल परत सोडणारी झडप) बाजूला.

रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या भागातला) दाब कळवणारी व्हॅक्यूमची नळी काढून पंप थेट चालवला: २.९५ बार. आयडलला नळी जोडून: २.३५. रिटर्नची नळी मोजपात्रात सोडून अर्धा मिनिट: ७८० मिली, म्हणजे मिनिटाला दीड लिटरच्या थोडं वर. वीस वर्षांच्या गाडीला यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण २०० हॉर्सपॉवरला १.३ लिटर लागणार, तेही ४ बारवर, आणि दाब वाढला की पंपाचा पुरवठा घटतो. पंप बदलायलाच हवा. तो बदलला की पुढचं सगळं बदलतं.

७ डिसेंबर

टाकीत नवा पंप. टाकीच्या आतली छोटी नळी साधी फ्युएल होज घालू नये. बाहेरच्या होजची आतली बाजू पेट्रोलसाठी बनवलेली असते, बाहेरचं आवरण नाही; सतत बुडून राहिलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि सुटतं. आत बुडवायची नळी जे३०आर१० छापाची लागते. बाहेरच्या जोडांना जे३०आर९. कार्ब्युरेटरच्या गाड्यांची आर६, आर७ दुकानात सरसकट ‘पेट्रोल पाइप’ म्हणून देतात, ती इंजेक्शनच्या दाबाला घ्यायची नाही. नळीवरचा छाप वाचूनच पैसे द्यावेत.

नव्या पंपावर मोजणी. व्हॅक्यूम काढून ३.० बार. आयडलला नळी जोडून २.५५. अपेक्षा २.४ ची होती.

पंपाच्या कनेक्टरवर व्होल्ट पाहिले: बॅटरीवर १३.८, पंपावर ११.७. दोन व्होल्ट तारेतच जातात. कंपनीची तार कंपनीच्या पंपापुरती असते; हा पंप आठ-नऊ अँपिअर ओढतो.

८ डिसेंबर

बॅटरीपासून २.५ चौ.मि.मी.ची नवी तार, २० अँपिअरचा फ्यूज बॅटरीलगत, वेगळा रिले. जुन्या पंपाच्या तारेवर आता फक्त रिलेची कॉइल. पंपाची अर्थिंगही नवी, मागच्या सीटखालच्या रंग खरवडलेल्या बोल्टला. पंपावर आता १३.४ व्होल्ट.

आणि आयडलचा दाब चढून २.७५ झाला.

इथे बरेच जण रेग्युलेटरला दोष देतात. पंप जोरात चालायला लागला, जास्त पेट्रोल परत जायला लागलं आणि परतीच्या वाटेवर कोंडी झाली, म्हणून दाब चढला. कोंडी कुठे आहे ते शोधायला सोपी चाचणी: रेग्युलेटरच्या नळकांडीपासून रिटर्न होज काढून थेट कॅनमध्ये सोडायची. सोडली, दाब २.४ वर आला. परत जोडली, २.७५. म्हणजे रेल निर्दोष, रेग्युलेटरही निर्दोष. गुन्हेगार गाडीखालून टाकीपर्यंत जाणारी रिटर्नची पाइप.

त्या पाइपचा आतला व्यास ४.५ मि.मी., लांबी साडेतीन मीटर. मिनिटाला ४.२ लिटर तिच्यातून ढकलायचे म्हणजे वेग सेकंदाला सव्वाचार मीटरच्या वर आणि घर्षणातच सव्वा बारच्या आसपास दाब खर्च. व्हॅक्यूम काढल्यावर दोष दिसला नाही, कारण तेव्हा रेग्युलेटरला ३ बारच राखायचे असतात आणि सगळ्या वाटेचा अडथळा मिळून तीनच्या खाली राहतो. आयडलला त्याने २.४ राखायचे असतात, अडथळा त्याच्यावर जातो. झडप पूर्ण उघडी असून उपयोग नाही. म्हणून दाब नेहमी दोन्ही स्थितींत मोजावा. फक्त नळी काढून मोजणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही. तो आयडलला रिच (जास्त पेट्रोलवर) चालणाऱ्या गाडीचा मॅप (ईसीयूतलं इंधनाचं कोष्टक) महिनाभर ओढत बसतो.

१५ डिसेंबर

रेल उतरवली, धुतली, टेबलावर घेतली. मापं:

आतला पोकळ भाग १०.२ मि.मी. व्यास, ३१८ लांब. आत येणारं तोंड एम१२ × १.२५, त्यात बॅन्जो बोल्ट (आतून पेट्रोल वाहणारा पोकळ बोल्ट). बोल्टच्या बाजूला ३ मि.मी.ची दोन भोकं. इंजेक्टरचे कप्पे ११ मि.मी.च्या ओ-रिंगसाठी. रेग्युलेटर दुसऱ्या टोकाला दोन एम६ बोल्टांवर.

आता क्षेत्रफळं मांडा. पोटाचं ८२ चौ.मि.मी. बॅन्जोच्या दोन भोकांचं मिळून १४. सहापट अरुंद. पोटातून ४.२ लिटरचा वेग सेकंदाला जेमतेम ०.८५ मीटर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दाब पडतो ०.००२ बार. गेजच्या सुईला तो दिसणारही नाही. बॅन्जोच्या भोकांतून वेग ५ मीटर आणि पडझड दोन गेजमध्ये मोजलेली ०.२ बार.

रेल पोखरून १४ मि.मी. करण्याची पद्धत आहे. लांब ड्रिल घालून दोन्ही बाजूंनी पोखरतात, मधे भोकं जुळत नाहीत तिथे पायरी राहते, इंजेक्टरच्या कप्प्याजवळची भिंत चारची दोन मि.मी. होते, आणि मिळतं काय तर ०.००२ बारमधला थोडा भाग. या रेलच्या पोटाला हात लावायचा नाही, हे इथेच ठरलं.

मग तोंड का बदलायचं? खरं सांगायचं तर ताकदीसाठी नाही. रेग्युलेटर रेलच्या शेवटी असतो, तो जोवर काही ना काही परत सोडतोय तोवर रेलमधला दाब तोच ठरवतो, तोंडाशी ०.२ बार पडले तरी इंजेक्टरला ते कळत नाही. ते पंपाला कळतं. पूर्ण बूस्टवर रेलमध्ये ४ बार, त्यात पुढची पाइप, फिल्टर आणि बॅन्जो मिळून अर्धा बार वर. पंपाला साडेचार बारविरुद्ध ढकलावं लागतं, तो तापतो आणि पुरवठा कमी करतो. इथे मागणीपेक्षा पुरवठा बराच जास्त आहे, त्यामुळे तेवढ्यानेही गाडी चालली असती. तोंड बदलण्याची दोन कारणं आहेत: जुनी होज ई२०साठी बदलायचीच आहे आणि रेल टेबलावर आलेलीच आहे.

२१ डिसेंबर

तोंडाचं काम. एम१४ × १.५ निवडला. एएन-६ (होजच्या जोडाचं एक माप) च्या ओ-रिंग बॉससाठी ९/१६-१८ यूएनएफ टॅप (आटे पाडायचं हत्यार) लागतो; तो जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शोधावा लागतो, एम१४ × १.५ कुठल्याही दुकानात मिळतो, आणि त्याचं ड्रिल १२.५. जुने आटे एम१२ चे, त्यामुळे १२.५ च्या ड्रिलमध्ये ते पूर्ण निघून जातात, अर्धवट आट्यांवर आटे पडत नाहीत. तोंडाचा बॉस (भोकाभोवतीचा जाड गोल उंचवटा) २३.५ मि.मी.चा. एम१४ नंतर भोवती पावणेपाच मि.मी. धातू उरतो, पुरेसा.

एनपीटीचे निमुळते आटे ढाळीव अॅल्युमिनियममध्ये मारू नयेत. ते पाचरीसारखे आत शिरतात. आज गळत नाही म्हणून आणखी अर्धा फेरा दिला की बॉस चिरतो. टेफ्लॉन टेप इंधनाच्या जोडाला नाहीच: तिचे धागे सुटून इंजेक्टरच्या जाळीत अडकतात आणि एकच सिलिंडर लीन होतो, म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडतं.

रेल मिलिंगच्या व्हाइसमध्ये, खाली पॅरलल, जबड्यांत अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. आधी डायल लावून भोकाचं मध्य काढलं, मग १२, मग १२.५, खोली १८. टॅप त्याच बैठकीत, मशीनचा स्पिंडल हाताने फिरवून सुरू केला म्हणजे टॅप सरळ उतरतो. तिन्ही टॅप क्रमाने, आटे १४ खोल. अॅल्युमिनियमला रॉकेल, ते नसेल तर कोरडा टॅप चालवू नये, चुरा आट्यांवर चिकटून आटे ओरबाडले जातात. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. १२.५ आणि १०.२ च्या मधली पायरी साठ अंशांच्या कटरने मोडली.

अॅडॅप्टर एम१४ ते एएन-६. घेताना भोक मोजून घ्यावं: बाहेरून सारखे दिसणाऱ्या अॅडॅप्टरांत कुणाचं भोक साडेसहा, कुणाचं आठ. ड्रिलची मागची दांडी घालून पाहिलं की कळतं. आठवाला घेतला. सीलसाठी डाउटी वॉशर (धातूची चकती, आत रबराची कड), रबर व्हायटॉनचं. नायट्राइलचं नको, इथेनॉलमध्ये ते फुगतं.

वेल्डिंगचा पर्याय चर्चेत आला होता. ढाळीव धातूत बारीक हवेचे कप्पे असतात, ते वेल्डला फुटून सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. शिवाय उष्णतेने इंजेक्टरचे कप्पे एका रेषेत राहत नाहीत. आटे मारून काम होत असेल तर टॉर्च दूर ठेवावा.

२२ डिसेंबर

रेग्युलेटरच्या टोकाची प्लेट. कंपनीचा रेग्युलेटर काढून त्याच दोन एम६ बोल्टांवर ६०६१ अॅल्युमिनियमची १६ मि.मी. जाड प्लेट. जुन्या रेग्युलेटरच्या नाकाएवढा गोल नाक लेथवर वळवला, ओ-रिंग २.४ जाडीची, खाच १.८५ खोल आणि ३.२ रुंद. यात रिंग सुमारे २३ टक्के दाबली जाते. खाच उथळ झाली की बसवताना रिंग कापली जाते. कापलेला तुकडा बाहेर दिसत नाही, आत राहतो. नाकाच्या कडेला १५ ते २० अंशांचा उतार द्यायचा आणि रेलच्या भोकाची धारही मोडायची.

प्लेटमध्ये दोन भोकं: एक एम१४ × १.५ नव्या रेग्युलेटरकडे, एक एम१० × १ प्रेशर सेन्सरला. सेन्सरचे आटे १/८ एनपीटी होते, ते स्टीलच्या मधल्या अॅडॅप्टरमध्ये घेतले. नवं भोक प्लेटमध्येच पाडल्यामुळे रेलचं पोट शाबूत राहिलं. पुढे काही बिघडलं तर प्लेट दुसरी करता येते, रेल दुसरी मिळवणं अवघड.

२९ डिसेंबर

धुणं. याला जितका वेळ तितका कमी. कप्प्यांच्या छेदावरची बर (कापताना उरलेली धारदार कड) हाताच्या स्क्रेपरने काढली, आरसा आणि टॉर्चने प्रत्येक छेद पाहिला. मग रॉकेल आणि बाटली घासायचा ब्रश, अल्ट्रासॉनिकमध्ये अर्धा तास, गरम साबणाचं पाणी, हवा. शेवटी पांढरं सुती कापड दोरीने आतून ओढलं. पहिल्या कापडावर चमकणारे कण आले. कापड कोरं निघेपर्यंत तोच क्रम पुन्हा.

दाबाची चाचणी द्रवावर, हवेवर नाही. हवेने ८ बार भरलेली रेल फुटली तर तुकडे उडतात. रॉकेलने भरलेली फुटली तर फक्त गळते. इंजेक्टरच्या जागी डमी प्लग, हातपंपाने ८ बार, म्हणजे कामाच्या दाबाच्या दुप्पट, आणि पाव तास सोडून दिलं. सुई थोडी उतरली. मग फक्त २ बार हवा, पाण्याखाली: तोंडाच्या डाउटीखालून एका बाजूने बुडबुड्यांची बारीक रांग.

कारण असं: ढाळीव बॉसच्या तोंडाला साच्यातून निघताना किंचित उतार असतो. आटे भोकाशी सरळ असले तरी तोंड आट्यांशी काटकोनात नसतं, आणि डाउटीचं रबर एका बाजूला कमी दाबलं जातं. डायलवर ०.१५ मि.मी. फरक. अॅडॅप्टर आणखी आवळून हे जात नाही, उलट आटे जातात.

५ जानेवारी २०२५

तोंड सपाट केलं. एम१४ चा सरळ वळवलेला स्टड रेलमध्ये घालून तो मिलिंगच्या चकमध्ये धरला, रेल त्याच्या अक्षाला जुळवून व्हाइस आवळला, स्टड काढला आणि २२.५ व्यासाचा स्पॉटफेस (भोकाभोवती सपाट कापलेली गोल जागा), तोंड पूर्ण चमकेपर्यंतच. डाउटी बाहेरून २२ मि.मी.ची, आता सगळी बसते. नवा वॉशर, एकदा आवळलेला डाउटी परत वापरत नाहीत. ८ बार, पाव तास, सुई जागची हलली नाही. हवेवरही बुडबुडा नाही. रेल पुन्हा धुतली, कारण पुन्हा धातू कापला.

१२ जानेवारी

इंजेक्टरांसकट रेलची वाटप-चाचणी. पेट्रोलवर करायची नाही. मिनरल टर्पेंटाइन घेतलं. तेही चाळीस अंशांच्या आसपास भडकण्याजोगी वाफ सोडतं, त्यामुळे बडोद्याच्या मे महिन्यात हे काम नको. जानेवारीत, मोकळ्या शेडमध्ये, सकाळी. चार मोजनळ्या, ३ बार, ८० टक्के ड्यूटी, अर्धा मिनिट.

पहिला १७२ मिली, दुसरा १७१, तिसरा १७३, चौथा १६८.

चौथा रेग्युलेटरच्या टोकाचा. ‘शेवटच्या सिलिंडरला पेट्रोल पुरत नाही’ या समजुतीला इथे पुरावा मिळाल्यासारखा वाटतो. पहिल्याचा आणि चौथ्याचा इंजेक्टर अदलाबदल करून तीच चाचणी: आता पहिल्या जागी १६८, चौथ्या जागी १७२. कमतरता इंजेक्टरबरोबर गेली, रेलच्या जागेबरोबर राहिली नाही. इंजेक्टर उलट्या दिशेने धुऊन १७१ वर आला. ही अदलाबदल केल्याशिवाय कुणाच्याही रेलला दोषी ठरवू नये.

इंजेक्टर घेताना वरच्या ओ-रिंगचं माप पाहावं. जपानी रेलमध्ये सहसा ११ मि.मी., बॉश पद्धतीत १४. एक दुसऱ्यात बसत नाही आणि ११ चा कप्पा १४ चा करायला या रेलमध्ये धातू नाही. ११ मि.मी.च्या डोक्याचेच ४४० घेतले. नव्यांची उंची जुन्यांपेक्षा ३ मि.मी. कमी, म्हणून रेलच्या पायांची उंची तेवढीच उतरवली, दोन्ही पाय एका सेटिंगमध्ये.

१४ आणि १५ जानेवारी

उत्तरायण. जीआयडीसी बंद, सगळे गच्चीवर.

१९ जानेवारी

रिटर्नची पाइप. ८ मि.मी. बाहेरचा व्यास, ०.७५ जाडीची बंडी ट्यूब (स्टीलची पाइप), आत ६.५. व्यासाच्या पाचव्या घाताने घर्षण उतरतं, त्यामुळे सव्वा बारचे ०.२ होतात. तांब्याची पाइप वाकवायला सोपी म्हणून वापरतात. ती कंपनाने कडक होऊन फ्लेअरच्या मुळाशी चिरते. बेंडरवरच वाकवली, हाताने वाकवलेली पाइप कोपऱ्यात चपटी होते आणि मग ६.५ ला अर्थ उरत नाही. होज चढते त्या टोकांना फुगवटा काढला. गुळगुळीत टोकावर क्लिप कितीही आवळली तरी होज सरकते. एक्झॉस्टपासून हात-दीड हात दूर, दर तीस-चाळीस सें.मी.ला रबरी क्लिप.

टाकीत परतीचं तोंड पेट्रोलच्या पातळीखाली आणि पंपाच्या जाळीपासून दूर. वरून कारंजं सोडलं की फेस होतो, पंप तो फेस ओढतो आणि वळणावर दाब हिसके खातो.

पुढची होज: फिल्टरपासून रेलपर्यंत ६० सें.मी. आर९ रबर. गुंफलेली टेफ्लॉनची होज देखणी दिसते, म्हणून आधी ती लावून पाहिली. इंजेक्टर उघडला-मिटला की रेलमध्ये दाबाची लाट उठते. या रेलला डँपर नाही, लाट गिळायचं काम होजचं रबरच करतं. सेन्सर सेकंदाला हजार नोंदींवर ठेवून १२०० आरपीएमला: टेफ्लॉनवर लाट वरखाली ०.२५ बार, रबरावर ०.१२. रबर ठेवलं. टेफ्लॉनच हवी असेल तर रेलजवळ स्क्रूचा डँपर बसवावा.

२६ जानेवारी

बसवणी. ओ-रिंग सगळ्या नव्या, व्हायटॉन, वर इंजिन ऑइलचा नुसता हात. सिलिकॉन ग्रीस नको, त्याने ऑक्सिजन सेन्सर बिघडतो. चारही इंजेक्टर आधी रेलमध्ये, मग रेल मॅनिफोल्डवर सरळ दाबून, बोल्ट आळीपाळीने, शेवट २० न्यूटन-मीटर. आवळल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी फिरला पाहिजे. फिरत नसेल तर एकतर रेल फार खाली बसली आहे किंवा ओ-रिंग चिमटली आहे. तसंच चालू केलं की पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर.

इंजिन सुरू न करता पंप चालवला, व्हॅक्यूमची नळी सुटी, रेग्युलेटर ३.० वर लॉक. मग संदर्भाच्या नळीला हातपंपाने ०.५ बार: रेल ३.५. १.० बार: रेल ४.०. एकास एक. हे इथे तपासलं नाही तर थेट डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) कळतं, आणि तिथे ते कळण्याची किंमत पिस्टन असते.

त्या नळीबद्दल. ती प्लेनमपासून (मॅनिफोल्डची हवेची पेटी) स्वतंत्र, मधे टी नाही, ब्रेक बूस्टरच्या नळीतून फाटा नाही, दोन्ही टोकांना क्लिप. बूस्टवर ही नळी उडाली तर रेग्युलेटरला १ बारचा बूस्ट कळत नाही: रेलमध्ये ३, मॅनिफोल्डमध्ये १, इंजेक्टरवरचा फरक ३ चा २ बार. प्रवाह वर्गमुळाने उतरतो, म्हणजे १८ टक्के कमी. हवा-पेट्रोलचं साडेअकराचं मिश्रण थेट चौदावर, तेही पूर्ण बूस्टला. साध्या टायवर विसंबू नये. ईसीयूत फरकाचा दाब २.७ खाली गेला की बूस्ट कट लावून ठेवला आहे.

आयडल: २.४. नळी काढून: ३.०.

९ फेब्रुवारी

चेसिस डायनो. अशा चाचण्या अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर करायच्या नसतात. चौथ्या गिअरमध्ये, १ बार, ६५०० आरपीएमपर्यंत रेल ३.९७ ते ४.०२, इंजेक्टर ड्यूटी ७४ टक्के, पंपावर १३.३ व्होल्ट. पूर्ण जोराच्या सलग धावांमध्ये टाकी कोमट होते, कारण दोन-तृतीयांश पेट्रोल इंजिनची उष्णता घेऊन परत जातं. पाव टाकीच्या खाली पंप कण्हायला लागला, दाब ३.९ वर डुलला. उन्हाळ्यात हे आणखी वाढेल. तोवर पाव टाकीखाली बूस्ट वापरायचा नाही.

गाडी थंड झाल्यावर सगळे जोड हाताने आणि टिश्यूने तपासले, कोरडे. ५०० किलोमीटरनंतर फिल्टर कापून कागद पाहायचा; अॅल्युमिनियमची चमक दिसली तर रेल पुन्हा उतरवायची. टाकीत पंपाभोवती कप्पा बसवायचं काम एप्रिलच्या आत, त्यासाठी २ मि.मी.ची शीट कापून ठेवली आहे.